कार्डावर शिक्का आहे ना?

नवी वस्तू घरात आली की कुंकू नंतर, पेढे नंतर, प्रश्न आधी. "कार्डावर शिक्का आहे ना?"

आमच्या कोकणात हा प्रश्न घरोघरी कुणी ना कुणी विचारलेला आहे. आजोबांनी, नाहीतर अण्णांनी, नाहीतर ओटीवर सहज टेकलेल्या शेजाऱ्यानेसुद्धा. मर्फीचा रेडिओ आला तेव्हा विचारला. उषाचा टेबलफॅन आला तेव्हा विचारला. एसटीच्या टपावरून गोणपाटात गुंडाळलेला टीव्ही उतरला तेव्हा तर खोक्याची सुतळी सुटायच्या आधी विचारला. दुकानदाराने त्या जाड कार्डावर शिक्का मारून, तारीख घालून, खाली सही केलेली नसेल तर कंपनी त्या कार्डाकडे ढुंकूनही बघत नाही, हे आम्हा पोरांनाही पाढ्यांसारखं पाठ होतं.

शिक्का असलेलं कार्ड मग ट्रंकेत जायचं. पत्र्याची ट्रंक, माजघरातल्या पलंगाखाली. तिच्यात सातबाराचे उतारे, घरपट्टीच्या पावत्या, विम्याची पॉलिसी, जन्माचे दाखले, कुणाची तरी पत्रिका आणि रेडिओच्या लायसनची पुस्तिका. हो, रेडिओला तेव्हा लायसन लागायचं. पोस्टात जाऊन वर्षाचे पैसे भरायचे. ऐंशीच्या दशकात ती पद्धत बंद झाली, पण पुस्तिका ट्रंकेत पुढेही राहिलीच, कारण कागद टाकायचा नसतो. वॉरंटी एका वर्षाची. कार्ड जपलं जाई वस्तू घरात असेपर्यंत, आणि कधीकधी वस्तू भंगारवाल्याकडे गेल्यावरही.

वस्तू यायच्या मुंबईहून. चाकरमानी गणपतीला, शिमग्याला गावी येताना घेऊन यायचे. कुणी लॅमिंग्टन रोडवरून, कुणी दादरहून, कुणी गिरणीतल्या मित्राच्या ओळखीने हप्त्यावर. साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर, कशेडी घाटाची वळणं, रात्रभराचा प्रवास. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली ती 1998च्या जानेवारीत. तोवर सगळा भरवसा एसटीवर. पिक्चर ट्यूब काचेची, म्हणून छोटा टीव्ही मांडीवर घेऊन मुंबई ते गाव बसून आलेले एखादे काका तुमच्याही घरात असतील. अशा जिवापाड आणलेल्या वस्तूवर शिक्का असायचा, तारीख असायची. पण शिक्का मुंबईच्या दुकानाचा. बिघाड झाला की कार्ड काढून मागचा बारीक मजकूर वाचला जाई. सर्व्हिस सेंटरचा पत्ता मुंबईचा, फार तर कोल्हापूरचा, आणि वस्तू तिथवर आपल्या खर्चाने पोचवायची. म्हणजे ग्यारंटी ट्रंकेत आणि बिघाड माजघरात; दोघांची गाठ पडायची कशी?

म्हणून मेस्त्री.

प्रत्येक बाजारपेठेत एक तरी रेडिओवाला मेस्त्री असायचा. एसटी स्टँडजवळ किंवा शिंप्याच्या दुकानाला लागून एक खण. फळीवर पोट उघडलेले रेडिओ, खिळ्यांना टांगलेल्या वायरींच्या जुड्या, सोल्डरच्या धुरातला राळेचा वास. तुम्ही वस्तू पुढे ठेवलीत की तो लगेच स्क्रूड्रायव्हर उचलत नसे. आधी विचारायचा. केव्हापासून? एकदम बंद पडला की आवाज बारीक होत होत? त्या रात्री विजा होत्या का? सेल कधी बदलले? वापर नसताना सेल आतच राहिले, ते पाझरले आणि स्प्रिंगा हिरव्यापांढऱ्या भुकटीने खाल्ल्या, हे त्याला झाकण उघडायच्या आधीच कळलेलं असे. ते तो घासून, पुसून, नवी स्प्रिंग बसवून द्यायचा आणि जाताना बजावायचा, "पावसात रेडिओ ठेवून देणार असाल तर सेल काढून ठेवत जा." डायलचा दोरा तुटून काटा सरकेनासा झाला तर माशांच्या गळाचा नायलॉन धागा लावायचा, आणि तो टिकायचा. एखादा पार्ट इथे मिळण्यातला नसेल तर चिठ्ठीवर नंबर लिहून द्यायचा. ती चिठ्ठी चाकरमान्याच्या खिशातून लॅमिंग्टन रोडला जायची आणि पुढच्या सणाला पार्ट यायचा.

काम झालं की जुना पार्ट तो तुमच्या तळहातावर ठेवायचा. "हा गेला होता." पैसे त्यानंतर. मेस्त्रीची ही सवय फार मोलाची होती असं आम्हाला वाटतं. काय बिघडलं, का बिघडलं आणि त्यात आपला वाटा किती, हे सगळं त्या तळहातावरच्या तुकड्यात दिसायचं.

टीव्ही उघडायला मात्र मेस्त्री घरी यायचा, आणि तो सोहळाच असे. सगळी वाडी जमायची. तो आधी पोरांना पडवीत घालवायचा, कारण टीव्ही बंद असला, प्लग काढलेला असला, तरी पिक्चर ट्यूबमध्ये विजेचा दाब साठून राहतो. रंगीत टीव्हीत तो 25,000 व्होल्टच्या घरातला. मग एका लांब स्क्रूड्रायव्हरला वायर गुंडाळून, तिचं दुसरं टोक लोखंडी चासीला लावून, तो ट्यूबवरच्या रबरी टोपीखाली स्क्रूड्रायव्हर हळूच सरकवायचा. चट्ट असा आवाज व्हायचा. खिडकीच्या गजांतून बघणाऱ्या आम्हा पोरांचा श्वास त्या आवाजाने सुटायचा. नंतर सायकलचा पंप घेऊन धूळ उडवायची, रंगाच्या ब्रशाने कोपरे झाडायचे. आतून काय काय निघे! मुंग्यांची अंडी, झुरळांचे पंख, वाळून कागद झालेली पाल. एकदा लोकांच्या डोळ्यांदेखत एक पाचपैशाचं नाणं निघालं, आणि घरातल्या सगळ्यात धाकट्याने शांतपणे पुढे होऊन ते ताब्यात घेतलं.

मग मेस्त्री टीव्हीवरचं झाकण उचलून दाखवायचा. झाकण म्हणजे घरच्या मुलींनी हौसेने विणलेलं क्रोशाचं आवरण, मधोमध गुलाब. त्यावर फुलदाणी, त्यावर शंकर-पार्वती. "वहिनी, हे फार सुंदर आहे. पण टीव्हीला ज्या भोकांतून श्वास घ्यायचा ती भोकं याच्या खाली आहेत." वहिनी दुसऱ्या दिवशीपासून टीव्ही लावताना आवरण काढायच्या आणि बंद करून तो गार झाल्यावर घालायच्या. एवढ्या एका वाक्याने त्या टीव्हीचं आयुष्य वाढलं. हे वाक्य कार्डाच्या मागेही छापलेलं होतं म्हणे, हवा खेळती ठेवावी वगैरे. पण ते इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत, आणि ट्रंकेत.

आमच्या घरांनी वस्तू सांभाळल्या नाहीत असं कुणी म्हटलं की म्हणूनच राग येतो. सांभाळणं काय असतं ते कोकणातल्या पावसाळ्यात येऊन बघावं. रत्नागिरीकडे वर्षाचा पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या पुढे. त्यात खारा वारा. हवेतली ती खारट ओल सर्किटवर बसली की तिचा पातळ थर तयार होतो, त्यातून वीज नको तिथे वाट काढते, आणि तांब्याच्या रेघा हिरव्या पडत जातात. मीठ सादळतं, पापड सादळतात, काड्यापेटी सादळते, तसा टीव्हीही सादळतो. चार दिवस बंद ठेवून लावला की आतून चटचट आवाज यायचा आणि चित्र उशिरा उमटायचं. म्हणून नियम होता: आषाढ-श्रावणात टीव्ही रोज थोडा वेळ लावायचाच, कुणी बघणारं असो-नसो. तो गरम झाला की ओल उडते. नियम होता: मृग नक्षत्राच्या आधी अँटेनाचे नट आवळायचे, वायरीला जिथे सांधा असेल तिथे प्लास्टिक गुंडाळून सुतळीने बांधायचं. नियम होता: ढग गडगडले की आधी अँटेनाची पिन काढायची, मग प्लग, मग बाहेरचे कपडे. नियम होता: रेडिओ आणि कॅमेरा असलेल्या कपाटात लहानसा बल्ब जळत ठेवायचा. टीव्हीच्या मागे डांबराच्या गोळ्या. स्विचबोर्डात मुंग्या शिरू नयेत म्हणून भोकांना मेण. रिमोटला प्लास्टिकची पिशवी आणि वर रबरबँड. हे नियम कुठल्या कंपनीने दिले नव्हते. एका घरातून दुसऱ्या घरात, दही लावायच्या विरजणासोबत, तेही मागून आणलेले होते.

सगळेच नियम पाळले जात होते असंही नाही. फ्रिजचं घ्या. एका दाराचा फ्रिज, वरच्या कप्प्यात बर्फाचा डोंगर. तो वितळायला बटण होतं, पण वितळेपर्यंत वाट बघायला घरात पाहुणे थांबत नसत. मग सुरी. त्या पातळ ॲल्युमिनियमच्या भिंतीतूनच गॅस फिरतो, सुरीचं टोक लागलं की बारीक भोक पडतं आणि सगळा गॅस निघून जातो. हे अनेक घरांना कळलं तेव्हा फ्रिजचं कपाट झालेलं होतं. पावसात फ्रिजच्या मागच्या काळ्या जाळीवर पोरांचे मोजे आणि शाळेचे रुमाल वाळत घातलेले असायचे, कारण अख्ख्या घरात तेवढीच एक उबदार जागा. ती जाळी आतली उष्णता बाहेर टाकण्यासाठी असते, तिच्यावर मोजे घातले तर कंप्रेसरला जास्त राबावं लागतं, हे मेस्त्रीनेच सांगितलं. फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ओढून ठेवायलाही त्यानेच लावलं.

कंपनीचा माणूस आला तर एवढं सांगायच्या भानगडीत पडत नसे. तो सुरीच्या ओरखड्यांवर बोट ठेवायचा, कागदावर एक शब्द लिहायचा आणि जायचा. गैरवापर.

या शब्दाशी आमच्या पिढीचं भांडण आहे आणि ते मिटलेलं नाही. सुरीच्या भोकाला गैरवापर म्हणा, आम्ही मान्य करतो. ते आमच्या हातून झालं. पण रोजच्या वापरालाच कुणी गैरवापर म्हणू लागलं तर?

मिक्सरची हकिगत या बाबतीत सांगण्यासारखी आहे. साठच्या दशकात मुंबईत सीमेन्समध्ये अभियंता असलेले सत्यप्रकाश माथूर यांच्या घरी जर्मन मिक्सर होता. आपल्याकडचं वाटण वाटताना तो जळला, आणि इथे त्याच्या दुरुस्तीची सोय नव्हती. पत्नी माधुरी यांनी नवऱ्याला म्हटलं, तुम्ही इंजिनिअर, तुम्हीच करा. त्यातून पुढे सुमीत मिक्सर आला. ते जर्मन यंत्र वाईट नव्हतं; त्याच्यासमोर ओलं खोबरं, भिजवलेली डाळ आणि सुक्या मिरच्या येतील हे बनवणाऱ्याच्या मनात नव्हतं. माथूरांनी आपल्या स्वयंपाकघरात काय वाटलं जातं ते बघून मोटर केली. वापरणाऱ्याला दोष देण्याऐवजी यंत्र बदलण्याचा हा सरळ रस्ता आम्हाला अजूनही पटतो.

आमच्याकडे मिक्सर बंद पडला की तो उलटा करायचा आणि खालचं लाल बटण दाबायचं, हे शाळेत न जाणाऱ्या पोरालाही ठाऊक होतं. जास्त ताण आला की ते बटण स्वतःहून बाहेर येतं आणि मोटर वाचते. कपलर झिजला तर बाजारातून दुसरा, कार्बन झिजले तर दुसरे. कार्डात मोटर धरलेली असायची, हे झिजणारे पार्ट नसायचे, आणि त्यात काही वावगं नाही. पण एका गणपतीत मोटरच गेली. घरात मुंबईची, पुण्याची, बडोद्याची मिळून सगळी भावकी. सकाळपासून खोबऱ्याची वाटणं, घावनांचं पीठ, ऋषीच्या भाजीला लागेल ते. कार्डावर शिक्का होता, तारीख मुदतीत होती. कंपनीचा माणूस आला, त्याने पातेल्यांची रांग बघितली आणि लिहिलं, व्यावसायिक वापर. काकी दारात उभी राहिली. "अरे बाबा, ही खानावळ नव्हे. गणपतीला आलेली घरची माणसं आहेत. तूही जेवून जा." तो जेवला. उकडीचे मोदकही खाल्ले. कागदावरचा शब्द मात्र त्याने खोडला नाही, खोडायचा अधिकार त्याला नव्हताच, असं जाताना ओशाळून म्हणाला. मोटर मेस्त्रीने गुंडाळून दिली, तांब्याची तार नवी भरून, आणि ती पुढे कितीतरी गणपती चालली.

विजेच्या दाबाचंही तसंच. संध्याकाळी बल्बची तार लालसर दिसायची आणि टीव्हीतलं चित्र चारी बाजूंनी आक्रसायचं. बातम्या देणाऱ्या बाई चौकटीच्या आत आणखी एका काळ्या चौकटीत बसायच्या. 1956च्या वीज नियमांत घरगुती पुरवठ्याचा दाब ठरल्यापेक्षा 6 टक्क्यांहून जास्त खालीवर होऊ नये असं होतं. 230 व्होल्टला तो हिशेब 216 ते 244 असा येतो. आमच्या स्टॅबिलायझरचा काटा संध्याकाळी 160च्या आसपास लटपटायचा, आणि लाइट गेली-आली की एकदम उजवीकडे झेप घ्यायचा. आतला रिले टक टक करत राही. त्यात फ्रिजची किंवा टीव्हीची काही पट्टी जळाली की कंपनी म्हणे, दाबामुळे झालेलं नुकसान कार्डात बसत नाही, बोर्डाला विचारा. बोर्ड म्हणे, तुमची वस्तू तुम्ही बघा. बोर्ड म्हणजे एमएसईबी. 2005मध्ये त्याचे तुकडे होऊन महावितरण झालं तरी आमच्या तोंडात बोर्डच. या दोघांच्या मधे उभं राहून घरोघरच्या अण्णांनी निळ्या शाईत, कार्बन पेपर घालून, 'महोदय' अशी सुरुवात करून किती पत्रं लिहिली असतील! त्यांच्या प्रतीही ट्रंकेतच.

त्या पत्रांना उत्तर द्यायला भाग पाडणारं कुणीतरी हवं होतं, आणि ते काम सुरू झालं आपल्याच महाराष्ट्रात, याचा अभिमान वाटतो. बिंदुमाधव जोशींनी 1974मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली, पुढच्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. सुधीर फडक्यांसारखा गायक-संगीतकार त्या कामात होता. ग्राहक संरक्षण कायदा आला 1986मध्ये. 24 डिसेंबरला राष्ट्रपतींची त्यावर सही झाली, म्हणून तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन. जिल्ह्याला मंच आला, वकील लावायची सक्ती नव्हती, आपली बाजू आपण मांडायची. वस्तूतला दोष नुसता बघून कळण्यासारखा नसेल तर ती प्रयोगशाळेत पाठवून तपासून घ्यायची सोयही त्यात होती. आम्हाला हे कलम फार आवडतं. गैरवापर की मुळातला दोष, हे वस्तू उघडून बघितल्याशिवाय कुणी ठरवू नये, एवढंच तर मेस्त्री आयुष्यभर करत होता.

आमची अडचण मात्र तेव्हाही राहिली. जुन्या कायद्यात तक्रार करायची ती दुकान किंवा कंपनी जिथे असेल किंवा तक्रारीचं कारण जिथे घडलं असेल तिथे. शिक्का मुंबईचा, तर वाद घालायचा तोही त्याच गावी. तारखेला जायला एसटीचं भाडं, एक रजा, रात्री कुणाकडे उतरायचं ती व्यवस्था. टीव्हीच्या दुरुस्तीपेक्षा खर्च जास्त. 2019चा नवा कायदा 2020च्या जुलैमध्ये लागू झाला, आणि त्यात तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येऊ लागली. वस्तू 5 लाखांच्या आतली असेल तर शुल्कही नाही. मुदत दोन वर्षांची. चाकरमान्यांच्या गावांना या एका बदलाचं मोल किती, हे ज्यांनी मांडीवर टीव्ही आणला त्यांना विचारा. फार उशिरा आला, पण आला.

आता ट्रंक नाही, फाइल आहे. कार्ड तर बहुतेक वेळा नसतंच, बिलच वॉरंटी. आणि ते बिल दुकानदार गुळगुळीत कागदावर छापून देतो, ज्यावरची अक्षरं उष्णतेने उमटलेली असतात. कपाटात ठेवलं तरी वर्षा-दोन वर्षांत ती फिकट होत कागद कोरा होतो. वस्तूची वॉरंटी शिल्लक आणि पुरावा पुसलेला! म्हणून घरातल्या सगळ्या सुनांना, लेकींना आमचं सांगणं: बिल हातात पडताच फोटो काढा, झेरॉक्स काढा, वस्तूच्या मागचा नंबर त्यावर लिहा. शिक्क्याची जागा आता या फोटोने घेतली आहे.

फोन लावला की आता मराठीसाठी अमुक दाबा, वॉशिंग मशीनसाठी तमुक दाबा, मधेच गाणं, मग गोड आवाज. त्या आवाजाच्या मुलीवर आमचा राग नाही. तिने ना मशीन बघितलेलं असतं ना आमचा पाऊस. जो मुलगा घरी येतो त्याच्यावरही नाही. तो भर उन्हात मोटरसायकलवरून तीन गावं करून आलेला असतो. पण बिघाड निघायच्या आधीच तो फोनवर आलेला आकडा मागतो. तो सांगितला की तिकडे तक्रार 'निकाली' निघते, इकडे मशीन जसंच्या तसं. आमच्याकडे आता ठरलेलं आहे: मशीन फिरताना दिसलं, की मग आकडा.

गेल्या पावसाळ्यात रत्नागिरीच्या घरी हेच झालं. धाकट्या सुनेचं वॉशिंग मशीन मुदतीच्या आत बंद पडलं. कंपनीच्या मुलाने मागचा पत्रा काढला, आतल्या सर्किट बोर्डवरचा हिरवट डाग मोबाइलने टिपला आणि कंपनीकडून मजकूर आला: ओल व कीटकांमुळे नुकसान, वॉरंटी लागू नाही, नव्या बोर्डाचे पैसे भरा. सूनबाई अण्णांची नातसून शोभते. तिने पहिल्यांदा तपासणीचा अहवाल लेखी मागितला. मग मशीनची पुस्तिका पानोपान वाचली आणि विचारलं, समुद्राकाठच्या घरात हे वापरू नये असं यात कुठे लिहिलं आहे? रत्नागिरीच्या दुकानात, रत्नागिरीच्या माणसाला, पावसाळ्याच्या तोंडावर सवलत देऊन तुम्हीच विकलंत ना? मशीन भिंतीपासून दूर आहे, खाली स्टँड आहे, वर झाकण आहे, मागे डांबराच्या गोळ्या आहेत. सगळ्याचे फोटो जोडले. पुढे 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली.

याच संदर्भातली आणखी एक गोष्ट तिने आम्हाला सांगितली. 2022मध्ये सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, आणि त्या वर्षीच्या ग्राहक दिनाला त्याचं पोर्टलही सुरू झालं. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं, गाड्या, यांच्या दुरुस्तीची माहिती आणि सुटे पार्ट कुठे मिळतील ते कंपन्यांनी तिथे द्यावं असा तो विचार. आम्हाला वाटलं, म्हणजे लॅमिंग्टन रोडची ती चिठ्ठीच. फक्त आता नंबर कंपनीने स्वतः लिहून द्यायचा. खरंच सगळ्यांनी दिला तर गावोगावच्या मेस्त्रींच्या पोरांना काम मिळेल, आणि चांगल्या चालत्या वस्तू एका पट्टीपायी भंगारात जाणार नाहीत. हे व्हायलाच हवं, आणि पोर्टलवर नुसतं नाव असून भागणार नाही.

कंपनीने शेवटी बोर्ड फुकट दिला, बसवायची मजुरी घेतली. दोघांनी एकेक पाऊल मागे घेतलं म्हणायचं. मुलगा जुना बोर्ड पिशवीत टाकू लागला तेव्हा सूनबाईने तो मागितला. तो गोंधळला, जुना पार्ट परत न्यायचा असतो म्हणाला. तिने त्याच्या साहेबांना फोन लावला, आणि बराच वेळ बोलून, एका कागदावर सही करून, बोर्ड ठेवून घेतला.

दुसऱ्या दिवशी तो बोर्ड बाजारपेठेत गेला. जुन्या मेस्त्रीचा मुलगा आता मोबाइल आणि इन्व्हर्टर दुरुस्त करतो. त्याने बोर्ड भिंगाखाली धरला, हिरवट डाग ब्रशने साफ केला आणि म्हणाला, हा डाग वरवरचा आहे, याने काही झालेलं नाही. गेलाय तो हा रिले, याचे आतले काटे जळालेत. शंभराच्या आतला रिले. नवीन लावला, बोर्डवर ओलीपासून जपणाऱ्या लाखेचा हात फिरवला, चालू करून दाखवला, आणि जळका रिले सूनबाईच्या तळहातावर ठेवला. मजुरी त्याने पूर्ण घेतली, आणि ती त्याने घ्यायलाच हवी होती.